आधी चांगलं धरून चालायचं

बाजारात काही जण मला भोळी म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण कानावर येतंच. तांब्या-पितळेच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला भोळं राहून कसं चालेल, असा त्यांचा सवाल असतो, आणि सवाल रास्त आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. मी जे करते ते भोळेपणानं करत नाही, ठरवून करते.

समोरच्या माणसानं काहीतरी केलं आणि ते का केलं हे मला ठाऊक नसेल, तर त्याच्या मनात वाईट नव्हतं असं मी धरून चालते. एवढंच. व्यवहार मात्र वहीतच असतो. उधारी दिली तर तारीख, वजन, मजुरी आणि खाली सही. मोडीची, म्हणजे धातूच्या भावानं विकायला आणलेली जुनी भांडी घेतली तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर वजन. माणसाचा हेतू आणि माणसाचा व्यवहार ही दोन खाती मी वेगळी ठेवते. ती एकत्र केली की माणूस एकतर सगळ्यांवर विश्वास टाकून बुडतो, नाहीतर कुणावरच न टाकता कडवट होत जातो. आमच्या बाजारात मी दोन्ही तऱ्हा पाहिल्या आहेत.

हे वळण मामंजींचं. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा बी.ए. झालेले होते, मानसशास्त्र घेऊन. दुकानाशी माझा काही संबंध येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण ह्यांची नोकरी सातपूरला, पाळीची, आणि मामंजींचे गुडघे गेलेले. मग दुपारची मी बसायला लागले ती बसलेच. मामंजींनी पहिल्यांदा काय शिकवलं असेल, तर मोड घेऊन आलेल्या माणसाला आधी बसायला सांगायचं, पाणी द्यायचं आणि मगच तराजूला हात लावायचा. "घरातला हंडा मोडायला निघालेला माणूस हौसेनं आलेला नसतो," असं ते म्हणायचे.

मोडीचा व्यवहार बाहेरच्यांना माहीत नसतो, म्हणून सांगते. नवं भांडं घेताना तुम्ही धातूबरोबर घडणावळीचे, म्हणजे मजुरीचे पैसे देता. भांडं मोडीत आलं की मजुरी शून्य. डाग देऊन, म्हणजे झाळून केलेला जोड असेल, लोखंडी कडी असेल, बुडाशी माती-राख चिकटलेली असेल, तर तेवढं वजनातून जातं. त्यामुळे आजीचा हंडा काखोटीला मारून आलेल्या माणसाला मनात धरलेल्या रकमेपेक्षा कमी हातात पडते, आणि त्याला वाटतं, बाईनं वजनात दांडी मारली. तो चिडतो. दर आठवड्याला कुणीतरी चिडतंच.

एकदा एक गृहस्थ आले होते. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात घंगाळ. भाव सांगितल्यावर इतकं बोलले की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघायला लागली. चोर म्हणाले, बायका धंद्यात आल्यापासून बाजाराची वाट लागली म्हणाले. मी घंगाळ उचलून त्यांच्या हातात परत दिलं आणि सांगितलं, "आणखी दोन ठिकाणी विचारा. जास्त मिळालं तर तिथं द्या, मला वाईट वाटणार नाही." ते गेले. परत आले नाहीत.

आता अशा गोष्टीचा शेवट लोकांना हवा असतो. त्यांच्या घरी कुणी आजारी होतं, मग ते येऊन माफी मागून गेले, वगैरे. तसं काही झालं नाही. ते कोण होते, घंगाळ का मोडायला निघाले होते, मला आजही माहीत नाही. पण त्या रात्री जेवताना मी मनाशी ठरवलं की या माणसाच्या मागे आज काहीतरी होतं. पुरावा शून्य. तरी मी ते धरून चालले, कारण दुसरं गृहीतकही तितकंच बिनपुराव्याचं होतं. "माणूसच मेला हलकट" हे काही कुणी सिद्ध करून दिलेलं नसतं, तेही आपणच ठरवलेलं असतं. दोन्ही ठरवायचीच आहेत, तर ज्यानं मला रात्री झोप लागेल आणि दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकाला मी नीट बोलेन, ते मी निवडते.

बी.ए.च्या पुस्तकात नव्हतं, पण नंतर वाचनात आलं की ली रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आपल्या या खोडीला १९७७ साली नावच देऊन ठेवलंय. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाला फार वजन देतो आणि त्याच्यावर त्या घडीला काय गुदरलंय याला फार कमी. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं. मामंजी सातवी शिकलेले होते आणि पाण्याचा तांब्या पुढे करून तेच सांगत होते.

नाव घालणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात नाजूक भाग. घराघरांत जुन्या भांड्यांवर नावं असतात ना, कुणाच्या विवाहप्रीत्यर्थ, कुणाच्या स्मरणार्थ, ती. पूर्वी छिन्नी-हातोडीनं ठिपका ठिपका करत घालायचे, आता विजेचं पेन असतं. आमच्या ओट्यावर बसणारे कारागीर त्यांच्या वडिलांपासून हेच काम करतात. मान खाली, चष्मा नाकावर, आणि अक्षर असं की छापल्यासारखं.

एका घरी आजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आलेल्या प्रत्येकाला एकेक लहान ताम्हन द्यायचं, त्यावर आजींचं नाव आणि तारीख. आजोबा हयात, त्यामुळे नावामागे ‘सौ.’ लावायचं. मुलानं चिठ्ठी लिहून दिली, मी ती कारागिरांकडे दिली, खोकी भरली, माल गेला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी तो मुलगा दुकानात आला तो थरथरतच. खोकं काउंटरवर आदळलं, एक ताम्हन काढून माझ्यासमोर धरलं. नावामागे ‘कै.’ होतं. एकूणएक ताम्हनावर ‘कै.’.

माझ्या पोटात गोळाच आला. जिवंत बाईच्या, तेही अशा मंगल दिवशी! तो जे बोलला ते सगळं मी ऐकून घेतलं. कारागीर पायरीवरून उठून उभे राहिले, त्यांचा चेहरा उतरला होता. मी त्याला म्हटलं, "भाऊ, उद्या सकाळी सात वाजता सगळी ताम्हनं नीट होऊन तुमच्या दारात असतील. आत्ता घरी जा, आईंना काही सांगू नका."

तो गेल्यावर मी गल्ल्याखालच्या खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या काढल्या. ती चिठ्ठी सापडली. घाईत लिहिलेली. ‘सौ.’मधला काना ‘स’ला असा चिकटला होता आणि वर त्या दोन मात्रा, कुणीही ‘कै.’ वाचलं असतं. त्यातून आमचे कारागीर दिवसभर स्मरणार्थ द्यायच्या भांड्यांवर ‘कै.’च घालत असतात, त्यांच्या हाताला ते वळण पडलेलं. चिठ्ठी त्या मुलाच्याच हातची होती.

आमच्या ह्यांचं म्हणणं पडलं, चिठ्ठी दाखव त्याला, उगाच का ऐकून घेतलंस. मी दाखवली नाही. दाखवून काय झालं असतं? वाद मी जिंकले असते, आणि आईच्या नावामागे ‘कै.’ आपल्याच अक्षरानं पडलं हे घेऊन तो उद्याच्या कार्यक्रमात उभा राहिला असता. आईवर जीव असल्याशिवाय माणूस इतका थरथरत नाही, हे मला त्याच्या हाताकडे बघून कळलं होतं. कारागिरांना मात्र मी चिठ्ठी दाखवली, कारण त्यांना ते कळणं गरजेचं होतं. ते बराच वेळ चिठ्ठी हातात धरून बसले, मग म्हणाले, "काकू, दिव्याची सोय करा, रात्रभर बसतो."

बसले. सोबत त्यांचा मुलगाही बसला. पेनानं घातलेलं अक्षर खोल नसतं. पॉलिश पेपरनं घासायचं, मग बफ फिरवायचा, मग धुवून कोरडं करायचं आणि त्याच जागी पुन्हा नाव घालायचं. पत्रा पातळ, जास्त घासला तर भोक पडायची भीती, म्हणून काहींवर नाव मागच्या बाजूला घातलं. पहाटे पितळेची पूड दोघांच्या भुवयांवर बसली होती. सात वाजता खोकी पोचली.

पुढचं मला त्या घरच्या सुनेनं सांगितलं. आजींना शेवटी कळलंच, घरात गोष्टी लपतात थोड्याच. त्या म्हणाल्या, "मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात. माझं किती ताम्हनांनी वाढलं ते मोजा!" आणि दुकानात निरोप धाडला की एखादं ‘कै.’वालं राहिलं असेल तर द्या, मुलांना पुन्हा खर्च नको. राहिलं नव्हतं, सगळी घासून झाली होती. मी त्या आजींना कधी भेटले नाही, पण अडचणीकडे कसं बघावं असं कुणी विचारलं की मला त्याच आठवतात. आपल्या नावामागे ‘कै.’ पाहून आधी हसू येणं ही मोठी कमाई आहे. ती एका दिवसात येत नसणार.

आता पुराबद्दल. नाशिककरांना तारीख सांगावी लागत नाही, बाकीच्यांसाठी लिहिते. २ ऑगस्ट २०१६, मंगळवार, दिव्यांची अमावस्या. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. आमच्या धंद्यात हा सुगीचा काळ. समया, निरांजनं, पंचारत्या, लामणदिवे, सगळा माल भरलेला. पुढे महिनाभरात गणपती.

रात्रीपासून पाऊस. गंगेला पूर आला की अख्खं गाव नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, पाणी कमरेला लागलं का छातीला, यावरून अंदाज बांधतं. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पुढचे काही तास कसे जाणार हे जुन्या दुकानदारांना पाठ असतं. पण सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार या आमच्या पट्ट्याला नदीच्या आधी सरस्वती नाल्याची भीती. गंगा फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागे फिरतं आणि रस्त्यावर येतं. म्हणजे नदी काठातच असल्यासारखी वाटते तोवर आमच्या पायरीला पाणी लागलेलं असतं.

मामंजी तेव्हा नव्हते. पण १९६९चा पूर आणि नंतर १९ सप्टेंबर २००८चा पूर, दोन्ही पाहिलेल्या त्या माणसानं दुकानाची रचनाच अशी करून ठेवली होती की खालच्या फळ्यांवर फक्त धातू. कागद, वह्या, खोकी, वजनकाटा, सगळं कमरेच्या वर. तरी त्या दिवशी पाणी कमरेच्याही वर गेलं. आम्ही जमेल तेवढं पोटमाळ्यावर चढवलं आणि शेवटी शटर ओढून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन बसलो.

पितळ जड असतं, बुडतं, असं सगळ्यांना वाटतं. पण रिकामी कळशी तरंगते. पाण्यानं शटर खालून वाकवलं आणि आमच्या कळशा, पातेली, हलके हंडे एकामागून एक बाहेर पडून गल्लीतून डुलत निघाले. आम्ही वरून खिडकीतून बघत होतो. ते दृश्य मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. कुणीतरी आरडाओरडा करत होतं, आणि माझ्या डोक्यात एकच, की या कळशा मी परवाच पुसून रांगेत लावल्या होत्या.

पाणी ओसरल्यावर खरं काम सुरू होतं. गाळ ओला असेतोवर काढायचा. वाळला की तो दगड होतो आणि त्याच्याबरोबर भांड्याला ओरखडे जातात. समई म्हणजे एक वस्तू नव्हे. बूड, खांबाचे तुकडे, वाटी, शेंडा, सगळं आट्यांनी एकात एक बसवलेलं. गाळ त्या आट्यांत शिरतो. प्रत्येक समई सोडवायची, आटे दाभणानं कोरायचे, धुवायचे, कोरडे करायचे, मग चिंच लावून घासायचं. गल्लीतल्या बायका आपापली घरं धुऊन झाल्यावर आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. ज्या शेजाऱ्यांशी ओट्याच्या हद्दीवरून आमचं कैक दिवस बोलणं नव्हतं, त्यांनी पाणी उपसायला मोटार पाठवली, स्वतः आले नाहीत. मला तेवढंही पुरलं. ते स्वतः का आले नाहीत यावर घरात चर्चा सुरू झाली तेव्हा मी ती थांबवली. मोटार आली होती ना?

वाहून गेलेल्या मालाची बाजारात आठवडाभर चर्चा. अमक्यानं उचलला, तमक्याच्या घरी आमचा हंडा दिसला. मी त्या चर्चेत बसले नाही. खालच्या अंगाला राहणारी दोन पोरं सुतळीला कळशा ओवून घेऊन आली होती, पायांत चपला नव्हत्या, दोघंही गाळानं माखलेली. मी त्यांना दुकानातली एकेक वाटी दिली, त्यांच्या नावाची. ज्यांनी आणून दिलं त्यांची नावं मला आजही पाठ आहेत. ज्यांनी नेलं त्यांची नावं मी कुणाला विचारली नाहीत, कळून मला उपयोग नव्हता. त्यांच्याच गल्लीतून मला रोज जायचं होतं.

एक गोष्ट मात्र लागली होती. माझ्या नणंदेचा फोन आला नाही. सिडकोत राहते, घरात टीव्ही, बातम्यांत आमचाच बाजार दाखवत होते. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडा गेला तरी नाही. परक्यांबद्दल चांगलं धरणं सोपं असतं, आपल्या माणसांबद्दल फार अवघड. कारण तिथं आपल्याकडे जुन्या पुराव्यांची रास असते: लग्नात असं वागली, वाटणीच्या वेळी तसं बोलली. प्रत्येक नवी गोष्ट त्या राशीवर जाऊन बसते.

त्या वेळी मला कॉलेजात शिकलेला एक प्रयोग आठवला. डार्ली आणि बॅटसन यांनी अमेरिकेत प्रिन्स्टनला केलेला, १९७३ साली प्रसिद्ध झालेला. पुढे धर्मोपदेशक होणारी मुलं. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायला सांगितलं. काहींच्या भाषणाचा विषय तर वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली गोष्ट, हाच होता. आणि वाटेत दारापाशी एक माणूस विव्हळत बसवून ठेवलेला. कोण थांबलं? ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के. ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय काय, यानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही. घाईनं पडला.

परीक्षेत हे मी चार मार्कांसाठी लिहिलं होतं. पुरानंतर ते माझ्या उपयोगी पडलं. नणंदेच्या घरी तेव्हा काय घाई होती, मला माहीत नव्हतं. मी फोन उचलला आणि स्वतः केला. "आम्ही सगळे सुखरूप आहोत, तुला काळजी वाटत असेल म्हणून कळवते." ती गप्प झाली, मग रडली. फोन का केला नव्हता, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एवढं लिहिल्यावर उलट बाजूही लिहायला हवी. चांगलं धरून चालणं वेगळं आणि दुःखात असलेल्या माणसाला ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं सांगणं वेगळं. मला त्या वाक्याचा राग येतो. फेब्रुवारी-मार्च २०१४मध्ये गारपीट झाली तेव्हा निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार दुकानात आले होते. मुलीच्या लग्नाची सगळी भांडी त्यांनी आमच्याकडे सांगितली होती, विसार दिलेला. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ताई, ऑर्डर राहू द्या." द्राक्षाचं पीक वर्षाचं एक. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, मग विरळणी, फवारण्या, डाउनी आणि भुरी या रोगांचं भय, थंडी फार पडली तर बागेत शेकोट्या. एवढं सगळं पार पाडून घड उतरायच्या तोंडावर गारा. गारेचा मार बसलेला मणी फुटतो, आणि एक मणी फुटला की घड सडायला लागतो.

त्यांना मी काय सांगणार होते, की सगळं छान होईल? माझा माल पाण्याखाली गेला तर मी तो धुऊन विकू शकते. तांबं काळं पडतं, नासत नाही. माझं आशावादी असणं बरंचसं माझ्या धंद्याच्या जिवावर आहे, आणि हे मी विसरता कामा नये. ज्याचं पीक एका दुपारी मातीत जातं त्याला उपदेश करायचा मला अधिकार नाही. मी विसार परत केला आणि म्हटलं, "भांडी बांधून बाजूला ठेवते. लग्न जेव्हा ठरेल तेव्हा या, भाव आजचाच लावीन." त्यानंतर तांब्याचा भाव वाढला. लग्न झालं, ते आले, भाव जुनाच लावला. मला वाटतं, दुसऱ्याच्या संकटात सकारात्मक असायचं तर ते असं, तोंडानं कमी आणि हातानं जास्त.

स्वतःच्या अडचणीत मात्र मी स्वतःला बोलून घेते. मार्टिन सेलिगमन यांनी १९६७च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग केले होते. काही केलं तरी विजेचे झटके चुकत नाहीत असा अनुभव आलेली बरीच कुत्री, पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही पडून राहिली. पण सगळी नाही. नंतर माणसांकडे बघताना त्यांच्या असं लक्षात आलं की अपयश आल्यावर कोलमडणारी माणसं मनात तीन गोष्टी म्हणतात: हे कायमचं आहे, आयुष्यात सगळीकडेच असं आहे, आणि हे माझ्यामुळेच आहे. मी वाईट बातमी आली की हे तीन प्रश्न म्हणून स्वतःला विचारते, चक्क वहीच्या पाठीमागच्या पानावर लिहून. नोटाबंदी झाली तेव्हा लग्नसराई तोंडावर होती, रोखीचा धंदा ठप्प झाला. कायमचं आहे का? नाही. २०२०चा पाडवा २५ मार्चला होता, त्याच दिवसापासून टाळेबंदी. गुढीवर घालायचे तांबे फळीभर चमकवून ठेवलेले आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझ्यामुळे आहे का? नाही. मग त्यात माझ्या हातातलं काय आहे? आम्ही घरी बसून उधारीच्या वह्या नव्या करून घेतल्या. पुढच्या वर्षीच्या पाडव्याला तेच तांबे पुन्हा घासून फळीवर लावले.

आणि कुणी खरंच वाईट वागला तर? वागतात. एका घरचा लग्नाचा मोठा माल उधारीवर गेला, पैसे आले नाहीत. आधी घरात आजारपण सांगितलं, मग फोन उचलणं बंद झालं, मग कळलं की दुसऱ्या बाजारात असंच केलंय. तिथं माझं धरून चालणं संपलं, कारण आता मला माहीत होतं. त्या नावापुढे वहीत लाल रेघ आहे. त्यांना उधारी मिळणार नाही. पण त्यांच्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाला मी सही करायला सांगताना आवाज चढवणार नाही, त्यानं माझं काही बुडवलेलं नाही. शेजारचे म्हणतात, एवढा फटका बसूनही तुमचा माणसांवरचा विश्वास कसा उडाला नाही? माझं उत्तर असं की पैसे एकाच घरानं बुडवले. त्याच वहीत पानंच्या पानं फेडलेल्या नावांची आहेत, महिना उलटून गेल्यावर पायी येऊन पैसे देऊन गेलेल्या माणसांची, पेठ-सुरगाण्याकडून एसटीनं आलेल्यांची. ती पानं कुणी उघडून बघत नाही, मी बघते.

आता २०२७च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. गंगाजल भरायच्या छोट्या गडूंचा हिशेब मी मनात मांडून ठेवलाय. गेल्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद होते, गिऱ्हाईक बाजारापर्यंत पोचलंच नाही आणि गडू बरेच उरले होते. बाजारात सगळे म्हणतात, यंदाही तेच होणार. मी या वेळी माल थोडा बेतानं भरणार आहे, पण भरणार आहे.

आणि परवा नणंदेचा फोन होता. तिला पणतू झालाय. बारशाला वाटी-चमचा आमच्याकडूनच हवा म्हणाली, नाव घालून. मी म्हटलं, बारसं होईपर्यंत नाव कळणार कसं? तर म्हणाली, तू बारशाला ये, नाव ऐक, आणि मग घालून दे. पितळेचा चालणार नाही म्हणाली, चांदीचा हवा. सराफ बाजार शेजारीच आहे, आज संध्याकाळी जाऊन बघून येते.